हिरव्या शाईचा साक्षीदार

४ फेब्रुवारी १९५९, बुधवार

स्वस्ति श्री. शालिवाहन शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरे, पौष मासे, कृष्ण पक्षे, श्रीमत्-चेन्नपुरी-महानगरे, तिरुवल्लिकेणी-प्रांते, दुसऱ्या मजल्यावरील पूर्वाभिमुख परंतु जलविमुख बिऱ्हाडी, सकल-विसर्ग-संरक्षक, संधि-विग्रह-धुरंधर, फिफ्थ-फॉर्म-कन्या-भयंकर, सहस्र-उत्तरपत्रिका-संहारक, द्विवार-काफीपान-व्रती, छत्रपतींच्या तंजावुरातून केवळ एक छत्री घेऊन निघालेले छत्रीपती, अंबुजा-वाक्य-प्रमाणक, संस्कृताध्यापक पंडित राघोत्तमराव यांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत व अर्धवट रिकाम्या पोटी, ही दैनंदिनी लिहिण्यास आरंभ केला. वाचणाऱ्याचे कल्याण असो. तो कोण असेल हे मला ठाऊक नाही. अंबुजा नसावी, एवढीच प्रार्थना.

प्रयोजन असे की मी साक्षीदार झालो आहे. पंचवीस वर्षांच्या अध्यापनात मला कोणी काही विचारले नव्हते. आता एक चौकशी-समिती विचारणार आहे.

आमच्या कन्याशाळेत निळीखेरीज दोन शाया आहेत. तांबडी शिक्षकांची, हिरवी एकट्या हेडमिस्ट्रेस सीतालक्ष्मी अम्माळ यांची. हिरवी शाई हे आमचे राजचिन्ह होय. राजांना छत्रचामरे होती, अम्माळना दौत आहे. अन्य कोणी त्या रंगात एक टिंब दिले तरी तो राजद्रोह. आता सहामाही परीक्षेच्या गुणपटात, फिफ्थ फॉर्म, विषय संस्कृत, भवानी नामक विद्यार्थिनीच्या नावापुढे मूळचे ४१ खोडून ६१ केलेले सापडले आहे. हिरव्या शाईत! खाली सही नाही. अम्माळ म्हणतात, "हे मी केलेले नाही." शिष्यवृत्तीस साठ गुण लागतात. गुणपट ज्याच्या कपाटात असतो तो कारकून सेतुमाधव. भवानी ही सेतुमाधवाची कन्या. आणि मांडणीवरची हिरव्या शाईची एक दौत कमी भरते आहे.

मला गुणपट दाखवण्यात आला. खाडाखोड मी लक्षपूर्वक पाहिली. चोराने माझ्या सहाच्या आकड्याची, त्या सोंडेसारख्या वळवलेल्या शेपटासकट, इतकी हुबेहूब नक्कल केली आहे की मला क्षणभर कौतुकच वाटले.

वास्तविक मी साक्षीदार झालो तो विनोदापायी. शिक्षकांच्या खोलीत या प्रकरणाची चर्चा चालली असता मला स्मरले की डिसेंबरात सेतुमाधव नळावर बोटे चोळत होता आणि त्याच्या तर्जनीवर हिरवा डाग होता. मी म्हणालो, "मित्रहो, 'रंगेहात' हा शब्द मी आयुष्यात प्रथमच वाच्यार्थाने पाहिला!" सर्वजण इतके हसले की ड्रॉइंगच्या मास्तरांची काफी नाकातून आली. तासाभरात ते वाक्य अम्माळच्या खोलीत पोहोचले. अम्माळ हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पंडितर, हे लिहून द्या."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहून दिले. 'मी स्वचक्षूंनी पाहिले' हे वाक्य दोनदा घातले. वाक्यास वजन येते. मी अजून चष्मा लावीत नाही. आमच्या गल्लीच्या टोकावरील विम्याच्या पाटीवरची बारीक अक्षरे मी गच्चीवरून वाचतो.

सायंकाळी सेतुमाधव आला. तंजावुरात आमची घरे एकाच गल्लीत होती, म्हणून तो मला अण्णा म्हणतो. चप्पल बाहेर काढून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"अण्णा, ती तांबडी शाई होती. हजेरीपटाच्या रेघा ओढीत होतों मी."

"सेतु, मी डोळ्यांनी पाहिले आहे."

"दुसऱ्या कोणाचे डोळे असते तर मी वाद घातला असता. तुम्ही एकदा नीट आठवून पाहा की हो."

"आठवूनच लिहिले आहे."

"सोमवारपासून मला घरी बसवतायत. एकोणीस वर्षं झालीं. अठराला समिती बसेल, आणि मग…" अंबुजेने काफी आणली, ती त्याने घेतली नाही. तंजावूरच्या माणसाने दारात आलेली काफी नाकारलेली मी प्रथमच पाहिली.

मला वाईट वाटले. तथापि सत्य हे सत्य. हे वाक्य लिहिताना मी आरशात पाहिले. चेहरा बरा दिसत होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

तास संपल्यावर भवानी मेजापाशी आली. वय पंधरा, दोन वेण्या, आवाज स्पष्ट.

"सार, एक्केचाळीस तुम्हीच खोडलंत."

"मी?"

"शेवटचं पान मोजायचं राहिलं होतं. मी दाखवलं. तुम्ही हसलात, 'वीस गुण वनवासात गेले होते' म्हणालात, आणि खणातली दौत काढून लिहिलंत. माझ्यासमोर."

तिचे धैर्य पाहून मी थक्क झालो. कोणा एका मुलीचे पान मोजायचे राहिले होते आणि मी काही विनोद केला होता, असे अंधुक स्मरते. परंतु शास्त्र पाहा: मी जे लिहितो ते तांबड्या शाईने लिहितो, हे हिरव्या शाईने लिहिलेले आहे, तस्मात् हे मी लिहिलेले नाही. यात छिद्र कुठे आहे? माझ्या खणात हिरवी शाई असणेच अशक्य. डिसेंबरात नवी दौत लागली तेव्हा सेतुमाधव रजेवर होता, म्हणून मी कोणासही तसदी न देता मांडणीवरून स्वहस्ते काढून आणली. लेबल भिजून गळाले होते, तरी अडले नाही.

मी तिला म्हणालो, "बाळ, पितृभक्ती स्तुत्य आहे. परंतु शाई पितृभक्त नसते."

वर्गात उरलेल्या तीन-चार मुली हसल्या. भवानी हसली नाही. माझ्या तोंडाकडे ती असे पाहत राहिली, जणू कठीण समासाचा विग्रह करीत आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

विशेष काही नाही. मंडईत जाऊ का विचारले तर अंबुजा म्हणाली, "नको हो. गेल्या वेळी आणलेले टोमॅटो अजून पिकतायत." माझ्या चेष्टेखोर स्वभावाचा स्त्रीजात असा सूड घेते.

परवा फिफ्थ फॉर्मची सहल विज्ञान-संग्रहालयात जाणार. विज्ञान शिकवणाऱ्या कुमुदिनीबाई पुण्याच्या. यजमान आवडी गावच्या लष्करी डेपोत, त्या रोज तिकडून गाडीने येतात. बरोबर एक वडीलधारा पुरुष हवा असा नियम असल्याने माझी योजना झाली. यादीत भवानीचे नाव पाहून अम्माळनी भुवई उचलली. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "चौकशी वडिलांची आहे. पोरीनं काय केलंय?" पुणेरी मराठीत असे वाक्य ऐकले की समोरच्याची चूक असल्यासारखी वाटते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा वृत्तांत मी लिहितो आहे. क्रोधाने.

अडतीस मुली, कुमुदिनीबाई व मी असे सकाळी संग्रहालयात प्रविष्ट झालो. द्वारावर एक वृद्ध रखवालदार प्रत्येकीच्या पासावर शिक्का मारीत होता. आत वाफेचे यंत्र, विजेची ठिणगी, काचेच्या पेटीत स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी. पृथ्वीचे फिरणे दुपारपर्यंत बंद होते. पट्टा तुटला होता. मी म्हणालो, "मुलींनो, हा प्रलय आहे, डबे उघडू नका." इथवर सर्व आनंदात होते.

मग दृष्टिदालन. भिंतीवर मोठमोठे वर्तुळाकार फलक, प्रत्येकात शेकडो रंगीत ठिपके, जणू कोणी भिंतीवर बुंदी फेकली आहे. मार्गदर्शक शेषगिरी नावाचा तरुण, त्याने विचारले, "आकडा कोणता?"

"बारा!" सगळ्या ओरडल्या. मीही बाराच वाचला होता.

दुसरा फलक. "आठ!" मुली म्हणाल्या.

"तीन," मी म्हणालो.

हशा पिकला. कुमुदिनीबाईही हसल्या: "पंडितजी, आता पुरे हं."

मला कळेना. स्वच्छ तीन होता. पुढच्या फलकावर मुलींना पुन्हा कसलासा आकडा दिसला. मला बुंदीच दिसली. मी जवळ गेलो, दूर गेलो, एक डोळा झाकला. मागे हास्याचा पूर येत होता. मी जे जे करीत होतो ते विनोद ठरत होते. आयुष्यात प्रथमच मी विनोद करीत नव्हतो!

मग दैवाने माझी बाजू घेतली. शेवटच्या फलकापाशी सगळ्या गप्प. "काहीच नाही, सार. नुसते ठिपके."

"पंचेचाळीस!" मी गर्जलो. "अंधांनो, पंचेचाळीस! ढळढळीत लिहिलेले आहे. या दालनात डोळे मला एकट्यालाच आहेत!"

शेषगिरीने माझ्याकडे पाहिले. तो हसला नाही. इतक्या वेळात न हसलेला तो पहिलाच मनुष्य. "बरोबर आहे, सार," तो हळूच म्हणाला, "पंचेचाळीसच आहे. पण तो सगळ्यांना दिसत नाही."

मी विजयी मुद्रेने वळलो. भवानी जागेवर नव्हती. ती द्वाराकडे धावत गेली होती. परत आली ती उजव्या हाताची तर्जनी उभी धरून. बोटावर ओला डाग होता. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सार, माझ्या बोटावर काय आहे?"

"शाई. शिक्क्याच्या गादीत बोट बुडवून आलीस. उद्धटपणा कमी होता का?"

"कोणती शाई?"

आता जे मी बोललो ते इथे लिहितो, कारण ही दैनंदिनी सत्याची आहे. मी म्हणालो, "हिरवी. घराण्याचा रंगच तो."

कोणी हसले नाही. अडतीस मुलींतून एकही नाही. माझा एखादा विनोद इतका पडलेला मला आठवत नाही. कुमुदिनीबाईंनी हात तोंडावर नेला. भवानीचे डोळे भरून आले, परंतु ती रडत होती की हसत होती हे मला सांगता येईना. ती म्हणाली, "मामा, तुम्ही खोटं बोलत नव्हतात." शाळेत ती मला कधी मामा म्हणत नाही. नंतर डबा खाताना ती मैत्रिणींत इतकी मोकळी बोलत होती की मी चकितच झालो. तिचा लिंबूभात दोघींनी लुटला तरी तिला पत्ता नाही.

अर्थात मी खोटे बोलत नव्हतो. तिला हे आज का सुचावे?

परतताना बसमध्ये कुमुदिनीबाई माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "पंडितजी, शिक्का तांबडा आहे. तुमच्या स्वतःच्या पासावर पाहा." मी पाहिले. हिरवटच दिसला. संग्रहालयाचे फलक ओलीने विटले असून द्वारावरील शाई निकृष्ट आहे, असे पत्र संचालकांस धाडण्याचे ठरवले आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पत्राचा मसुदा अंबुजेस वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. हसत हसत म्हणाली, "तिथेही केलीत का हीच चेष्टा?"

"कसली चेष्टा?"

"रंगांची. नेहमीची."

मी मसुदा खाली ठेवला.

तिने सांगितले ते असे. तेवीस वर्षांपूर्वी मी तिला पाहण्यास गेलो तेव्हा ती मोरपिसासारखे हिरवे लुगडे नेसली होती. बाहेर आल्यावर मी तिच्या थोरल्या भावास म्हणालो, "तांबड्या लुगड्यातली मुलगी पसंत आहे." घरात एकच मुलगी. सगळे पोट धरून हसले. तिच्या वडिलांनी म्हटले, नवरदेव विनोदी आहे, पोर सुखात राहील. तेव्हापासून मी पिकले म्हणून कच्चे टोमॅटो आणले, तिच्या भाचीच्या तांबड्या परकराला 'कदलीपर्ण' म्हटले, आणि घर हसत राहिले.

"तुम्ही हसवायला बोलता असंच वाटलं आम्हांस," ती म्हणाली. "नाही का?"

मी मसुदा उचलून त्याची घडी घातली. तिच्या हातातले सूप थांबले.

"नाही का हो?" तिने पुन्हा विचारले.

मी गच्चीत जाऊन बसलो. खाली रस्त्यावर केळीवाला होता. केळी पिवळी असतात, हे मला दिसते. समोरच्या गच्चीवर दोन लुगडी वाळत होती. त्यांतले तांबडे कोणते हे मी बराच वेळ ठरवत होतो. मला नेहमीप्रमाणे एक उत्तर सुचले. ते बरोबर आहे की नाही, हे कळण्याचे साधन माझ्यापाशी कधीच नव्हते.

'स्वचक्षूंनी' हा शब्द मी दोनदा घातला आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शाळा भरण्यापूर्वी गेलो. खण उघडला. आत दोन दौती: एक जुनी, तळाला गेलेली, एक नवी, लेबल नसलेली, जवळजवळ भरलेली. खिडकीपाशी नेऊन दोन्ही पाहिल्या. मला दोन्हींत तपकिरी अंधारच दिसला. कुमुदिनीबाई आल्या तोपर्यंत मी दोन दौती दोन हातांत घेऊन तसाच उभा होतो.

"बाई, यांतली तांबडी कोणती?"

त्यांनी जुनीकडे बोट केले.

"आणि ही?"

"पंडितजी," त्या म्हणाल्या, "बसा आधी."

बसलो. कमी भरणारी दौत माझ्या खणात होती. ४१ मी खोडले. ६१ मी लिहिले. तो सहा माझाच होता, म्हणूनच हुबेहूब होता. चोर मी, पंच मी, साक्षीदारही मीच. आणि घरी बसला आहे सेतुमाधव. ओठांवर एक श्लोकार्ध आला, आणि जन्मात प्रथम माझी मलाच शिसारी आली.

"गेल्या स्नेहसंमेलनात माझ्या हिरव्या साडीवरून तुम्ही मला 'रक्तवस्त्रा चंडिका' म्हणालात," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आम्ही टाळ्या वाजवल्या. चुकलंच आमचं."

अम्माळकडे गेलो. सर्व सांगितले. त्यांनी दरवाजा लावून घेतला.

"पंडितर, हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"कुमुदिनीबाईंस."

"मग तिथेच थांबा. आता नीट आठवत नाही, एवढंच समितीला सांगा. संशयाचा फायदा त्याला मिळेल, किंवा नाही मिळणार. पण रंग न दिसणारा शिक्षक गुणपट भरतो हे समितीने ऐकलं तर मी तुम्हाला ठेवू कशी? निवृत्तीला चार वर्षं आहेत तुमच्या."

त्यांनी हे दयाबुद्धीने सांगितले असावे. खोलीबाहेर आलो तेव्हा मला बरे वाटत होते. हे मुद्दाम लिहून ठेवतो: मला बरे वाटत होते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सेतुमाधवाच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

समिती तीन वाजता बसली. अध्यक्ष तुळजाजीराव, निवृत्त न्यायाधीश, तंजावूरकडचेच. उजवा कान जड, म्हणून डावा पुढे करून बसतात. एका बाजूस अम्माळ. भिंतीपाशी सेतुमाधव, इस्त्री केलेल्या जुन्या कोटात.

माझे लेखी निवेदन वाचण्यात आले. दोन्ही 'स्वचक्षूंनी' मोठ्याने ऐकू आले.

"यात काही भर घालायची आहे?" अध्यक्षांनी विचारले.

'नीट आठवत नाही' हे वाक्य मी वाटेत घोकून ठेवले होते. तोंड उघडले, आणि पिशवीतून दौत काढून मेजावर ठेवली.

"ही हरवलेली दौत. माझ्या खणात होती. खाडाखोड माझी आहे. पान मोजायचे राहिले होते. मुलीचे गुण एकसष्टच आहेत."

अध्यक्षांनी डावा कान आणखी पुढे केला. "आणि त्या बोटावरचा हिरवा डाग?"

"तो हिरवा होता की तांबडा, हे मला आजही सांगता येणार नाही. मला ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. रविवारी कळले."

"एक्कावन्नाव्या वर्षी?"

"होय. तोवर सगळे हसत होते."

त्यांना ही थट्टा वाटली. मी पाहिले, त्यांच्या मिशीखाली हसू आले. माझी कीर्ती तिथेही पोहोचली होती! मी म्हणालो, "महाराज, पाया पडतो, परीक्षा घ्या." शिपायाकडून तीन विनालेबल दौती मागवण्यात आल्या. मी तीनदा सांगितले, तीनदा चुकलो. निळी तेवढी ओळखली. तिसऱ्या खेपेस कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हते. एवढ्या माणसांत न हसवता उभे राहण्याची मला सवय नाही. हात कुठे ठेवावे हेच कळेना.

मग त्यांनी गुणपट जवळ ओढला, माझे निवेदन शेजारी धरले. "हा सहा तुमचाच की हो. निवेदनावरच्या तारखेतही तोच आहे. इतके दिवस ओळखू आला नाही?"

"आला होता. पण तो हिरवा आहे असं सांगितल्यावर तो माझा नाही, अशी माझी खात्री झाली."

अम्माळ खिडकीबाहेर पाहत होत्या.

निर्णय तिथेच झाला. सेतुमाधव उद्यापासून कामावर, मधल्या दिवसांसह. भवानीचे गुण एकसष्ट कायम. मला लेखी ताकीद. यापुढे मी शिसपेन्सिलीने गुण लिहावेत आणि कुमुदिनीबाईंनी ते शाईत उतरवावेत. मला ठेवायचे की नाही याचा विचार उन्हाळ्याच्या सुटीत.

बाहेर व्हरांड्यात मी सेतुमाधवास गाठले. रात्रभर मी क्षमायाचनेचा एक परिच्छेद रचला होता, त्यात तीन तत्पुरुष होते. त्यांतला एकही आठवला नाही.

"सेतु, मला दिसत नव्हतं."

"ते कळलं," तो म्हणाला. "भवानीने शनिवारीच येऊन सांगितलं. नाचत आली घरीं. म्हणाली, मामांचा दोष नाही, त्यांस रंगच दिसत नाहीं."

"मग?"

"दिसलं नाही त्याचं काही नाही, अण्णा. कोणासही होईल." त्याने कोटाची गुंडी लावली. ती आधीच लावलेली होती. "पण तुम्ही ते हसत सांगितलंत. मी घरी बसलों होतों तेव्हा शिपाई सांगून गेला, काय बोललात ते. रंगेहात की काय. माझी बायको शेजारीच उभी होती."

तो जिना उतरून गेला. मी वरच उभा राहिलो.

अंबुजेस सर्व सांगितले. तिने काफी दिली. थोड्या वेळाने विचारले, "म्हणजे त्या दिवशी मी तुम्हांस कशी दिसले होतें?" तिला काय सांगावे? ज्या रंगाची ती मला दिसली त्याला माझ्यापाशी नाव नाही. मी म्हणालो, "छान." ती म्हणाली, "आता तरी खरं सांगा." ते खरेच होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सेतुमाधव रुजू होऊन पाच दिवस झाले. तो मला आता 'पंडित' म्हणतो, आणि अहोजाहोत काही उणे नाही. भवानी पूर्वीसारखीच सार म्हणते आणि प्रश्न विचारते. अम्माळ माझ्याशी चिठ्ठीने बोलतात.

सोमवारी खडू संपला. आजवर मी कचेरीच्या दारातून नुसते "सेतु, खडू" म्हणत असे आणि मूठभर कांड्या येत. काल त्याने नम्रपणे सांगितले की खडूसाठी मागणीपत्र भरावे लागते, दोन प्रतींत, वर हेडमिस्ट्रेसबाईंची सही. नियम एकोणीसशे चव्वेचाळीसचा आहे. त्याने काढून दाखवला. खरा आहे. तोवर सोय म्हणून त्याने मला दोन तुकडे मोजून दिले आणि वहीत सही घेतली.

आज फिफ्थ फॉर्मला श्लोकाचा पूर्वार्ध फळ्यावर लिहून होतो तोच दुसरा तुकडा नखाएवढा झाला आणि बोटांतून उडाला. उत्तरार्ध तोंडी सांगितला; मागच्या बाकांनी तो आपापल्या प्रतिभेने लिहून घेतला. दुपारी मागणीपत्र भरले. अम्माळनी शिपायाकरवी परत धाडले: दुसरी प्रत जोडलेली नाही. दुसऱ्या प्रतीचा कोरा कागद मागण्यास कचेरीत गेलो, तर त्यासाठी वेगळी चिठ्ठी लागते असे कळले. ती चिठ्ठी कुठे मिळते विचारले. इथेच मिळते, सेतुमाधव म्हणाला, परंतु छापील चिठ्ठ्या गुरुवारी संपल्या, आणि छापखान्याकडून त्या कधी येतील हे काही सांगता येत नाही.